न काढलेल्या कर्जाचे हप्ते

कुणी दुपारची भांडी आवरून, कुणी बांधावर भाकरी खाताना, कुणी शिलाई मशीनवर बसून हा कार्यक्रम ऐकत असाल. घरात सासूबाई असतील, कॉलेजला सुट्टी असलेली लेक असेल, तर त्यांनाही हाक मारा. एरवी आम्ही इथं बचत, व्याज, शेळीपालन, डाळिंबाच्या बागेतली मजुरी यावर बोलतो. आज तोंडाच्या रंगावर बोलणार आहोत. पण सुरुवात आमच्या गटाच्या वहीपासूनच करायची आहे, कारण गोष्ट तिथंच सुरू झाली.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं. गटात बारा जणी. दर आठवड्याला पन्नास रुपये बचत, आणि अडीनडीला अंतर्गत कर्ज. गेल्या उन्हाळ्यात एका ताईंनी ५,००० रुपये मागितले. कारण विचारलं तर म्हणाल्या, दवाखाना. कुणाचा? लेकीचा. काय झालंय? यावर त्या गप्प बसल्या. आमच्या बैठकीत कर्जाचं कारण सगळ्यांसमोर सांगायचं असतं, तो आमचा नियमच आहे. ताईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "पोरीचं तोंड भाजल्यासारखं झालंय."

ती मुलगी एकोणीस वर्षांची. बीएच्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही तिला रोज एसटी स्टँडवर पाहत होतो, पण आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कसं येणार? आपल्याकडच्या सगळ्याच मुली ऊन लागू नये म्हणून स्कार्फ गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवतात. तिनं दोन महिने त्या स्कार्फआड आपलं तोंड लपवलं होतं. गालांवर लाल चट्टे, बारीक पुरळ, हनुवटीवर केस, आणि उन्हात गेलं की आग आग.

तिनं चार-पाच महिने एक क्रीम लावली होती. पांढरी डबी, हिरवं झाकण. डबीवर कंपनीचं नाव नाही, आत काय आहे ते नाही, तारीख नाही. आणि मैत्रिणींनो, ती डबी तिनं घेतली होती आमच्याकडून.

हो, आमच्याकडूनच. ग्रामसंघाच्या एका खोलीत आम्ही बांगड्या, टिकल्या, मेंदी, साबण विकायला ठेवतो. शहरातला एक माणूस मोटारसायकलवर माल टाकून जायचा. त्यानं या डब्या दिल्या, "आठ दिवसांत फरक" असं सांगितलं. १८० रुपयांना विकायची, त्यातले ६० गटाचे. आम्ही डबी उघडून वास घेतला, छान वाटला, ठेवली. पाच महिन्यांत ३४ डब्या खपल्या. नफा झाला २,०४० रुपये, आणि तो आम्ही वहीत आनंदानं लिहिला. त्या मुलीच्या उपचारांना पहिल्या तीन महिन्यांतच ६,५०० रुपये गेले. हा हिशेब आम्ही मुद्दाम रेडिओवर सांगतोय. दुसऱ्या कुणाची चूक सांगायच्या आधी आपली सांगावी, म्हणून.

त्वचेच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघी तिच्याबरोबर गेलो. डबी पाहून डॉक्टर म्हणाल्या, अशा बिननावाच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा दोन गोष्टी सापडतात, स्टेरॉइड नाहीतर पारा. त्यांनी जे समजावलं ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो.

आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते कातडीचं उन्हापासून रक्षण करतं. जास्त ऊन लागलं की कातडी जास्त मेलॅनिन तयार करते, म्हणून उन्हात राबणारा माणूस काळवंडतो. म्हणजे काळवंडणं हा आजार नाही, ती अंगाची स्वतःला सांभाळायची रीत आहे. पारा हे रंगद्रव्य तयारच होऊ देत नाही, त्यामुळे चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. स्टेरॉइड हे खरं औषध आहे, पण ते डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावायचं असतं. महिनोन् महिने तोंडाला फासलं तर कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, केस उगवतात. आणि एकदम बंद केलं तर आग वाढते, म्हणून माणूस घाबरून पुन्हा लावतो. अशानं ती डबी सुटत नाही. स्टेरॉइडच्या अशा मलमांची विक्री चिठ्ठीशिवाय करू नये, असा नियम सरकारनं २०१८ मध्येच केला आहे. तरी ती मिळतात. आमच्या खोलीतसुद्धा मिळत होती, मग दुसऱ्या कुणाला काय बोलणार?

केरळमधल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका ठरावीक आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १३ जणांनी त्वचा उजळवणारी क्रीम लावल्याचं सांगितलं. क्रीम तोंडाला लावलेली आणि दुखणं मूत्रपिंडात. आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच त्या मुलीची लघवी तपासून घेतली. सुदैवानं ती ठीक निघाली.

त्या रात्री आम्ही दोघी-दोघी मिळून घरोघर गेलो आणि डब्या परत मागितल्या. ३४ डब्या १९ घरांत गेल्या होत्या. बहुतेकींनी दिल्या. एका सूनबाईंनी दिली नाही. म्हणाल्या, "माझा रंग उजळलाय, नवरा बरा बोलतोय, मी नाही देत." तिला कसं समजवायचं ते आम्हाला त्या रात्री सुचलं नाही. आणि चार घरांत तर डबी मुलांच्या खोलीतून निघाली. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा, उन्हात गोळा फेकणारा पोरगा रात्री गुपचूप क्रीम लावत होता. विचारलं तर लाजला, म्हणाला, "रील टाकतो ना मी, मित्र खाली कोळसा लिहितात."

हे रंगाचं भूत कुठून आलं, याचा शोध आम्ही तिथून पुढं घ्यायला लागलो.

त्या मुलीला आम्ही विचारलं, बाई, कशाला लावलीस? आम्हाला वाटलं होतं, स्थळं येत नसतील. ती म्हणाली, "लग्नाचं डोक्यातच नाही. मला फोनमधल्या माझ्यासारखं दिसायचं होतं."

आम्हाला आधी कळलंच नाही. मग तिनं फोन काढून दाखवलं. समोरचा कॅमेरा उघडला की चेहरा आपोआप उजळ होतो, डाग पुसले जातात, हनुवटी टोकदार होते. वर फिल्टर लावला तर नाक बारीक आणि डोळे मोठे होतात. आम्ही त्याच बैठकीत आमचे फोन तपासले. आठ जणींकडे मोठे फोन होते. त्यांतल्या पाच फोनमध्ये हा ब्यूटी मोड चालू होता, आणि पाचांपैकी चौघींनी तो कधी चालू केलाच नव्हता. म्हणजे आपण न सांगता आपला फोन आपल्याला गोरं करतोय. पोरगी दिवसातून पन्नास वेळा तो चेहरा बघते. मग रात्री तोंड धुताना आरशात बघते तेव्हा तिला वाटतं, माझं काहीतरी बिघडलंय. आपल्या पिढीनं स्वतःची तुलना हिरॉइनशी केली. या पोरी स्वतःची तुलना स्वतःच्याच खोट्या फोटोशी करतात. हे जास्त जड आहे.

कॅमेऱ्याचा हा पक्षपात आजचा नाही. पूर्वी रोलचे फोटो निघायचे तेव्हा कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो द्यायची. त्यावर एक गोरी बाई असायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणायचे. तिचा रंग नीट आला की मशीन बरोबर, असं ठरलेलं. साहजिकच काळ्या माणसाच्या फोटोत नुसते दात आणि डोळे दिसायचे, आणि लोक म्हणायचे, तुझा फोटोच चांगला येत नाही. आपल्यातल्या किती जणींनी हे ऐकलंय!

आणि आताच्या हुशार मशीनचं सांगायचं तर, अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जॉय बुओलामविनी नावाची एक काळ्या वर्णाची तरुण संशोधक होती. तिनं चेहरा पाहून बाई की पुरुष ते ओळखणारे संगणकाचे प्रोग्रॅम तपासले. २०१८ मध्ये तिनं आणि तिच्या सहकारी संशोधिकेनं निष्कर्ष मांडले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत सगळ्यांत वाईट प्रोग्रॅमची चूक होती शंभरात एकाहूनही कमी. काळ्या बायकांच्या बाबतीत ती चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. मशीनला शिकवताना ज्यांचे चेहरे जास्त दाखवले, त्यांना मशीन ओळखतं. काळा रंग आणि बाईचा जन्म, दोन्ही एकत्र आले की चूक सगळ्यांत जास्त. आपल्याला हे ऐकून नवल वाटायला नको. घरातही तसंच असतं.

आता जाहिरातींकडे वळू. 'फेअर अँड लव्हली' आपल्या देशात १९७५ मध्ये बाजारात आली. आधीच सांगतो, आमच्या खोलीतली डबी त्या कंपनीची नव्हती, तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. पण बिननावाच्या डबीला गिऱ्हाईक कुणी तयार केलं, हे विचारायला हवं. सावळ्या मुलीला नोकरी नाही, लग्न नाही, मग क्रीम लावली आणि दार उघडलं, ही गोष्ट आपण टीव्हीवर किती वर्षं पाहिली! एका जाहिरातीत तर बाप मुलगा नाही म्हणून हळहळतो, सावळी लेक ते ऐकते, क्रीम लावते, गोरी होते आणि विमानात हवाई सुंदरी होऊन कमावते. मुलगी असणं हा एक कमीपणा आणि सावळी असणं हा दुसरा, असे दोन्ही डाग एकाच जाहिरातीत. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या बायकांनी या जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, पाठपुरावा केला, आणि २००३ मध्ये ती जाहिरात थांबली. साध्या बायकांनी हे करून दाखवलं, ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

२००५ मध्ये मुलांसाठी 'फेअर अँड हँडसम' आली. बायकांची क्रीम लावायला पोरांना लाज वाटते, तर त्यांची वेगळी करा, असा तो धंदा. २०१४ मध्ये जाहिरातवाल्यांच्याच परिषदेनं नियम केले की सावळा माणूस दुःखी, अपयशी, कमी दर्जाचा दाखवायचा नाही. तेव्हापासून गोरेपणाचा शब्द मागं पडला आणि उजळपणा, निखार, ग्लो असे शब्द पुढं आले.

मग २०२० साल आलं. आपण लॉकडाऊनमध्ये घरात बसलो होतो. २५ मे रोजी अमेरिकेत मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसानं गुडघा दाबून ठेवला आणि त्याचा जीव गेला. एका शाळकरी मुलीनं ते मोबाइलवर चित्रित केलं, म्हणून जगाला कळलं. लाखो लोक रस्त्यावर आले. तेव्हा लोकांनी कंपन्यांना विचारलं, तुम्ही तिकडं काळ्यांच्या बाजूनं बोलता आणि आशियात गोरेपणाची क्रीम विकता, हे कसं? महिन्याभरात 'फेअर' शब्द काढायची घोषणा झाली आणि जुलैमध्ये नाव झालं 'ग्लो अँड लव्हली'. एका मोठ्या लग्नाच्या वेबसाइटनंही त्याच सुमारास कातडीच्या रंगावरून स्थळ निवडायची सोय काढून टाकली. तिकडच्या रस्त्यावर माणूस मेला तेव्हा आपल्या वाण्याच्या दुकानातल्या ट्यूबचं नाव बदललं. आपल्या गावात मात्र अजून गिऱ्हाईक जुन्याच नावानं मागतं आणि दुकानदार बरोबर तीच देतो.

तिकडचा रंगाचा प्रश्न आणि आपला प्रश्न अगदी एक नाही, हेही समजून घ्यायला पाहिजे. तिकडं रंग म्हणजे वंश. काळ्या माणसांना गुलाम करून आणलं, त्यांच्या शाळा, वस्त्या वेगळ्या ठेवल्या. एका घरात सगळे काळे, दुसऱ्यात सगळे गोरे. आपल्याकडं एकाच आईच्या दोन लेकी, एक उजळ आणि एक सावळी, आणि धाकटीला आधी मागणी येते. आपल्याकडं रंगाला जात चिकटवली, कष्ट चिकटवले. जो उन्हात राबतो तो काळा, जो सावलीत बसतो तो गोरा, आणि सावलीतला मोठा. आणि हा हिशेब जास्त करून बाईला लावला. नवरदेव काळा असला तर "पुरुषाचं काय बघायचं" म्हणतात. नवरीचा बायोडेटा बघा. रंग: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. तिथं 'काळा' हा शब्दच नसतो. जो रंग निम्म्या गावाचा आहे, तो कागदावर लिहायचीच चोरी!

टीव्हीचंही बघू. 'रंग माझा वेगळा' ही मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. सावळ्या दीपाची गोष्ट. आमच्याकडं ती वेळ झाली की बैठकच लागायची नाही. तिनं विषय घराघरात नेला, हे खरं. पण दीपाचं काम करणारी नटी मुळात उजळ, तिला रंग लावून सावळी केलेली. अमेरिकेत पूर्वी गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची सोंगं करायचे. आज तिथं तो अपमान समजतात. आपण याला मेकअप म्हणतो आणि पुढं जातो. सावळ्या मुलीची गोष्ट सांगायला महाराष्ट्रात सावळी नटी मिळू नये? हे आम्ही बैठकीत विचारलं तेव्हा एका मावशीनं उत्तर दिलं, "स्मिता पाटील होती की." होती. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची तेव्हापासून लोक तिच्याकडं बघत राहायचे. आणि आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त काळा जब्या दाखवला, ज्याला गोरी शालू आवडते. तो पोरगा कुणी रंगवला नव्हता, तो तसाच होता. मग २०१६ मध्ये 'सैराट'मध्ये अकलूजची रिंकू आली, बुलेट चालवत, आपल्या बोलीत बोलत. आमच्या पोरी तेव्हा शाळेत होत्या. त्यांना पहिल्यांदा वाटलं, आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारखी बोलणारी पोरगीसुद्धा पडद्यावर असते.

पण सगळा दोष पडद्यावर टाकून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. अमेरिकेतल्या क्लार्क नवरा-बायकोची गोष्ट ऐका. दोघंही काळ्या वर्णाचे मानसशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात त्यांनी तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढं बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच, फक्त रंग वेगळा. चांगली बाहुली कुठली? बहुतेकांनी गोरी दाखवली. वाईट कुठली? काळी. मग विचारलं, तुझ्यासारखी कुठली? काही लेकरं तिथंच रडायला लागली. १९५४ मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या कामाचा आधार घेतला.

तीन वर्षांच्या लेकराला हे कुणी शिकवलं? घरातल्यांनीच, आजूबाजूच्यांनीच. आणि आम्ही आमच्याकडं काय करतो? पोटुशी असताना केशर घातलेलं दूध देतो, पोर गोरं व्हावं म्हणून. बाळ झालं की मुलगा की मुलगी याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न, रंग कसा आहे? मग डाळीचं पीठ आणि साय चोळतो. उन्हात खेळू नको, काळी पडशील. हा रंग घालू नको, तुला खुलत नाही. पोरगी फोन हातात घ्यायच्या आधी पंधरा वर्षं आपण तिला हेच ऐकवलेलं असतं. फोन नंतर येतो. आपली जमीन त्यानं आधीच नांगरलेली बघितलेली असते.

आणि हे कोण करतं? पंढरपूर आमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहे. आषाढीला आम्ही चालत जातो. त्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीकडं बघून आमचे डोळे भरून येतात. सावळ्या विठ्ठलाला 'माउली' म्हणायचं, काळ्या रानाला 'काळी आई' म्हणायचं, संक्रांतीला हौसेनं काळी साडी नेसायची, आणि घरी येऊन सावळ्या लेकीला म्हणायचं, तुला कोण करून घेणार? हे आम्ही करत होतो.

गटाच्या भाषेत सांगायचं तर हे कर्जच आहे. आमच्या लेकींनी ते काढलेलं नाही. कुठल्याच वहीवर त्यांची सही नाही. तरी हप्ते चालू आहेत. क्रीमचे पैसे, ब्लीचचे पैसे, पार्लरचे पैसे. सावळ्या मुलीच्या लग्नात थोडं जास्त सोनं, म्हणजे तोही हप्ताच. आणि फोटोत मागं उभं राहायचं, गॅदरिंगमध्ये नाचायचं नाही, वर्गात हात वर करायचा नाही, या हप्त्यांची तर नोंदही होत नाही. ज्या कर्जात मुद्दल कधी फिटतच नाही, ते कर्ज आपण गटात मंजूर करतो का? मग हे कसं मंजूर केलं?

आम्ही जे ठरवलं ते सांगतो. मोठं काही नाही.

पहिलं म्हणजे ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, आत काय आहे त्याची यादी, बॅच नंबर आणि तारीख नाही, ती आम्ही विकत नाही. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असं काही असेल तर ती हातातही घ्यायची नाही. कुणी आधीच लावत असेल आणि तोंड लाल झालं असेल, तर मनानं दुसरं मलम लावू नका. डॉक्टरांकडं जा, आणि जाताना डबी बरोबर न्या.

दुसरं, त्या मुलीच्या ५,००० रुपयांवरचं व्याज आम्ही माफ केलं, आणि डब्यांचे २,०४० रुपये तिच्या उपचाराला दिले. ते पैसे आमचे नव्हतेच.

तिसरं, गटातल्या घरांत बायोडेटावरून 'रंग' ही ओळ काढून टाकायची. आणि स्थळाला फोटो पाठवायचा तो ब्यूटी मोड बंद करून. यावर खूप वाद झाला. एक ताई रागानं म्हणाल्या, "तुमच्या तत्त्वापायी माझ्या लेकीचं लग्न अडलं तर तुम्ही जमवणार का?" त्यांचं चुकीचं नव्हतं. शेजारच्या गावानं फोटो उजळून पाठवला आणि आपण नाही पाठवला, तर आपली लेक मागं पडते. म्हणून आम्ही सक्ती केली नाही. पण ज्यांच्या घरात मुलगे आहेत, त्यांनी आधी करायचं, असं ठरलं. मुलगी बघायला जाताना रंग विचारायचा नाही. फोनवर "मुलगी उजळ आहे ना?" हा प्रश्न आपल्या तोंडून जाऊ द्यायचा नाही. सात घरांनी हो म्हटलं. एवढंच झालंय आतापर्यंत.

चौथं पोरांसाठी. आमच्या मुलांना आम्ही बसवून सांगितलं, मित्राच्या फोटोखाली कोळसा, डांबर, निग्रो असलं लिहायचं नाही. ते म्हणाले, मजा असते. आम्ही त्यांना सांगितलं, त्या मजेपायी एक पोलीस होऊ पाहणारा पोरगा रात्री चोरून पारा नाहीतर स्टेरॉइड लावत होता. तो पोरगा तिथंच बसला होता. आम्ही नाव घेतलं नाही. पण सगळे गप्प झाले.

ती मुलगी आता बरी आहे. चट्टे कमी झालेत, पूर्ण गेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. परवा ती बैठकीला आली ती स्कार्फ न बांधता. आम्ही कुणी काही बोललो नाही, जागा करून दिली. तिनं आमच्या आठही फोनमधला ब्यूटी मोड बंद करून दिला, आणि मग सगळ्यांचा एक फोटो काढला. त्यात आम्ही जशा आहोत तशा आलोय, बागेत राबून काळवंडलेल्या. तो फोटो आता खोलीत भिंतीवर लावलाय, पूर्वी त्या डब्या ठेवायचो त्या फळीच्या वर.

ज्या सूनबाईंनी डबी परत दिली नव्हती, त्या अजून आलेल्या नाहीत. हा कार्यक्रम त्या ऐकतात, आम्हाला माहीत आहे. ताई, रागावू नका. तुम्ही एकट्या चुकला नाहीत, ती डबी आम्हीच तुमच्या हातात दिली होती. दर मंगळवारी दुपारी तीनला आम्ही खोलीत असतो. डबी घेऊन या. डॉक्टरांकडं आपण बरोबरच जाऊ.